लम्पीची साथ आणि जबाबदारीची वाटणी: महाराष्ट्र, २०२२

४ ऑगस्ट २०२२ रोजी जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात, चिनावल गावात, त्या वर्षीच्या साथीतली लम्पी या गुरांच्या त्वचारोगाची राज्यातली पहिली नोंद झाली. आजार महाराष्ट्राला अगदीच नवा नव्हता. २०२० मध्ये गडचिरोलीच्या सिरोंचा भागात आणि पुढे विदर्भ-मराठवाड्यात तो येऊन गेला होता. पण तेव्हा मरतूक नगण्य, म्हणून कोणी फारसं मनावर घेतलं नाही. २०२२ ची गोष्ट वेगळी. गुजरात-राजस्थानातून रस्त्याकडेला पडलेल्या गायींची छायाचित्रं जुलैपासूनच येत होती. चिनावलनंतर दोन-तीन महिन्यांत जवळपास सगळा महाराष्ट्र साथीच्या कवेत आला. वर्ष सरेपर्यंत राज्यात वीस हजारांहून अधिक आणि देशात दीड लाखाहून अधिक जनावरं गेली.

लम्पीचा विषाणू देवीच्या कुळातला, शेळ्या-मेंढ्यांच्या देवीचा सख्खा भाऊबंद. चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचिड तो एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात नेतात. आधी ताप येतो, जनावर खाणं सोडतं, मग अंगभर सुपारीएवढ्या गाठी उठतात. पायांना आणि पोळीला, म्हणजे गळ्याखाली लोंबणाऱ्या कातडीला, सूज येते. म्हशीला तो क्वचित होतो, माणसाला होत नाही. तरीही त्या दिवसांत लोक दूध घ्यायला कचरत होते.

साथ आली तेव्हा काम कोणी करायचं, पैसे कोणी द्यायचे आणि नुकसान कोणी सोसायचं, याचीच इथे मांडणी करायची आहे. महाराष्ट्राने या साथीत खूप काही चांगलं केलं, आणि ते मी मोकळेपणाने लिहिणार आहे. पण एक वाटणी शेवटपर्यंत झालीच नाही. तिचा भार ज्याच्यावर पडला तो माझ्या घरातलाच माणूस होता.

कागदावर कोण कोण

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतली १५ वी नोंद पशुधनाचं जतन, संवर्धन आणि जनावरांच्या रोगांना प्रतिबंध यांची आहे. म्हणजे जनावराचं आरोग्य हा राज्याचा विषय. पण रोगाला राज्याची सीमा कळत नाही, म्हणून समवर्ती सूचीत २९ वी नोंद आहे: एका राज्यातून दुसऱ्या राज्यात रोग पसरू न देणं, मग तो माणसांचा असो, जनावरांचा असो की पिकांचा. इथे केंद्रही आलं. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध ही त्याच सूचीतली १७ वी नोंद. आणि अकराव्या अनुसूचीत, पंचायतींकडे सोपवायच्या विषयांत, चौथाच विषय पशुसंवर्धन, दुग्धव्यवसाय आणि कुक्कुटपालन आहे.

महाराष्ट्रात यातून एक जुनी दुपदरी रचना झाली आहे. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या, तेव्हा खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांचा मोठा भाग त्यांच्याकडे गेला. उरलेले राज्याच्या पशुसंवर्धन खात्याकडे राहिले. साथीच्या वेळी जिल्ह्याच्या गावी पशुसंवर्धन उपायुक्त राज्याचा आणि पशुसंवर्धन अधिकारी जिल्हा परिषदेचा, असे दोन वेगळे साहेब, दोन वेगळी कार्यालयं. खाली श्रेणी १ च्या दवाखान्यात पदवीधर पशुवैद्य, म्हणजे लोकांच्या तोंडचा ‘एलडीओ’. श्रेणी २ मध्ये पशुधन पर्यवेक्षक, ‘एलएसएस’. शेतकऱ्याच्या लेखी दोघंही डॉक्टरच. तो डॉक्टर कोणत्या कार्यालयाचा पगार घेतो हे गोठ्यात कोणी विचारत नाही, पण औषधं संपली की नेमकं तेच आड येतं.

या सगळ्यावर २००९ चा केंद्रीय कायदा आहे: प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगांस प्रतिबंध व नियंत्रण करणारा. लम्पी त्याच्या अनुसूचीत आहे. या कायद्याचं कलम ४ मला फार महत्त्वाचं वाटतं. जनावराला अनुसूचीतला रोग झाल्याचा संशय आला की मालकाने गावच्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवायचं, आणि त्यांनी जवळच्या पशुवैद्याला. कलम ५ प्रमाणे आजारी जनावर वेगळं बांधायचं, तेही मालकानेच. नियंत्रित क्षेत्र जाहीर करणं, बाजार आणि वाहतूक रोखणं, लस सक्तीची करणं हे राज्याच्या हाती. थोडक्यात, सगळी साखळी सुरू होते ती मालकाच्या एका वाक्यापासून: डॉक्टर, माझ्या गोठ्यात गाठी दिसतायत.

ते वाक्य त्याने उच्चारावं म्हणून मात्र कायद्यात शिक्षेच्या धाकापलीकडे काहीच ठेवलेलं नाही.

लस: जी वाटणी जमली

लाळ्या खुरकुताच्या लसीचा पूर्ण खर्च केंद्र करतं. सप्टेंबर २०१९ मध्ये मथुरेत सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तसं आधीच ठरलेलं होतं, पाच वर्षांसाठी १३,३४३ कोटी रुपये. लम्पी त्या कार्यक्रमात नव्हता. तो मोडत होता राज्यांना रोगनियंत्रणासाठी मदत देणाऱ्या दुसऱ्या योजनेत, जिथे केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० असा हिशेब असतो. म्हणजे एकाच गायीला एका रोगाची लस दिल्लीच्या पैशाने आणि दुसऱ्या रोगाची साठ-चाळीसने.

शिवाय लम्पीची स्वतःची लसच बाजारात नव्हती. हिस्सारचं अश्व संशोधन केंद्र आणि इज्जतनगरची पशुवैद्यकीय संशोधन संस्था यांनी मिळून केलेली ‘लम्पी-प्रोव्हॅक-इंड’ १० ऑगस्ट २०२२ ला जाहीर झाली, चिनावलनंतर सहाच दिवसांनी. पण जाहीर होणं आणि कुपी तालुक्याला पोचणं यात फार अंतर असतं. म्हणून शेळ्यांच्या देवीची लस गायीबैलांना टोचायचं ठरलं.

महाराष्ट्राने इथे खरोखर वेळ घालवला नाही. सप्टेंबरमध्ये सगळं राज्य नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं, जनावरांचे बाजार बंद झाले, शर्यती थांबल्या. जिल्हा नियोजनातून पैसे काढायला परवानगी मिळाली. सरकारी हात कमी पडतात हे कबूल करून खासगी पदविकाधारक आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयांतली मुलं मानधनावर घेतली. २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे राज्यात गोवंश सुमारे १ कोटी ४० लाख. त्यातल्या जवळपास प्रत्येकाला नोव्हेंबरपर्यंत लस मिळाली, तीही फुकट. ज्यांनी रिकाम्या पदांवर बोट ठेवून खात्यावर टीका केली (मीही केली आहे), त्यांनी हेही म्हणायला हवं की तीन महिन्यांत हे काम करून दाखवणं सोपं नव्हतं.

त्या सप्टेंबरात मी पाथर्डीकडे मामांच्या गावी होतो आणि लसीच्या शिबिरात वहीवर नावं लिहायला बसलो होतो. एलएसएस सकाळी सहाला दुचाकीवर बर्फाचा डबा बांधून यायचा. कुपीत पांढऱ्या भुकटीची चकती. तिच्यात द्रावण घालून हलकेच हलवायची, पुन्हा बर्फात ठेवायची आणि ऊन चढायच्या आत संपवायची. प्रत्येक गोठ्यासाठी नवी सुई, नाहीतर लस टोचणाराच रोग घेऊन फिरायचा. दुपारी दोनला त्याच्या शर्टावर शेण, घाम आणि एका खोंडाने मारलेल्या लाथेचा ठसा असायचा. तो जिल्हा परिषदेचा, डबा राज्याचा, लशीत केंद्राचा वाटा, सुया ग्रामपंचायतीने आणलेल्या. एका टोचणीत चौघांचा हात होता आणि ते जमलं, कारण लसीकरणात कोणाचंच काही बुडत नव्हतं.

चार दिवस

त्याच आठवड्यात एका रात्री मामांनी मला गोठ्यात बोलावलं. दिवा हातात धरला होता, पण उंचावला नाही. पवळ्या बैलाच्या मानेवरून हात फिरवून म्हणाले, “बघ रं जरा. ह्या गाठीच ना?”

गाठीच होत्या. मानेवर, खांद्यावर, पोटाखाली. कान गरम, डोळ्यातून पाणी.

“कधीपासून मामा?”

“चार दिस झाले. कुणाला बोलू नगंस.”

मामा गाडीवान. दर दिवाळीच्या आगेमागे बैलजोडी आणि मामींना घेऊन ऊसतोडीला जातात, कारखान्याच्या टायर गाडीवर. त्या वर्षी मुकादमाकडून, म्हणजे तोडणीसाठी माणसं जमवणाऱ्याकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेऊन झाली होती. तिच्यातून घराचे पत्रे आले, धाकटीचं शिक्षण भागलं. गाळप १५ ऑक्टोबरपासून सुरू होणार होतं. लस न टोचलेला किंवा आजारी बैल कारखान्यावर येऊ देणार नाहीत, हे गावात सगळ्यांना कळलं होतं आणि ते योग्यच होतं. बीड-नगरकडून हजारो जोड्या एकाच फडावर जमतात. तिथे एक आजारी बैल गेला तर अख्ख्या साखरपट्ट्यात लम्पी पोचेल. पण पवळ्याचं नाव वहीत चढलं की मुकादम दारात उभा राहणार, हेही तितकंच खरं होतं. दारातल्या गायीचं दूध डेअरीवाला घेईल की नाही, हा धसका वेगळाच.

दुसऱ्या दिवशी मीच एलएसएसना सांगितलं. ते आले, पवळ्याला तपासलं, तापाचं आणि जखमा चिघळू नयेत म्हणून इंजेक्शन दिलं. मामा मान खाली घालून उभे होते. “तात्या,” एलएसएस त्यांना म्हणाले, “चार दिवस का दडवलंत? शेजारच्या दोन गोठ्यांत आजच गाठी दिसल्यात.”

मामा काही बोलले नाहीत. मला तेव्हा मामांचा रागच आला होता. आज येत नाही. कायद्याने त्यांना सांगायला लावलं होतं आणि सांगण्याची पूर्ण किंमत त्यांच्याच खिशातून जाणार होती. फायदा मात्र शेजाऱ्यांचा, डेअरीचा, कारखान्याचा, सगळ्या तालुक्याचा.

पुढचे सहा आठवडे मामींनी पवळ्याला जगवला. विड्याची दहा पानं, दहा ग्रॅम मिरी, दहा ग्रॅम मीठ, गुळात कुटून त्याचा गोळा दिवसातून अनेकदा चारायचा. हा उपाय राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाने पसरवलेला होता. फुटलेल्या गाठींवर हळद आणि कडुनिंबाचं तेल. संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर, रात्री गोठ्याला बांधलेली घरातली मच्छरदाणी. पोरं तोवर डासांत झोपली. पवळ्या वाचला. पण पुढच्या पायाची सूज उतरायला दिवाळी उलटली आणि जोखड घेण्याइतका दम त्याच्यात त्या हंगामात आलाच नाही.

तीस, पंचवीस, सोळा

राज्याने स्वतःच्या तिजोरीतून भरपाई दिली. दुधाळ गाय दगावली तर ३० हजार, ओढकामाचा बैल गेला तर २५ हजार, वासरू गेलं तर १६ हजार. पैसे थेट खात्यात. शेजारच्या म्हाताऱ्या आजींची गाय गेली. ग्रामपंचायतीने जेसीबी बोलावला, आठ फुटांचा खड्डा, वर चुना. पंचनामा झाला आणि काही महिन्यांनी तीस हजार जमा झाले. त्या गायीच्या किमतीच्या मानाने ते कमीच होते, पण आजींना ते हात देऊन गेले. ही मदत देणं हा चांगला निर्णय होता.

तरीही भरपाईची ही रचना मला मुळातच उलटी वाटते. तिच्यात मरणाला पैसे आहेत, आजाराला नाहीत. जो बैल मेला त्याचा पंचनामा होतो. जो जगला, पण हंगाम गमावून बसला, त्याच्यासाठी कागदच नाही. दूध आटलेली गाय, गाभडलेली गाय, भाकड झालेली गाय कोणत्याच यादीत येत नाही. लम्पी झालेल्या जनावरांपैकी बहुतेक जगली. म्हणजे बहुतेक नुकसान भरपाईच्या बाहेरच राहिलं. त्याहून वाईट म्हणजे लवकर कळवणाऱ्याला आणि दडवणाऱ्याला मिळणारी रक्कम सारखीच. गाय मेली की दोघांनाही तीस हजार. जगली की दोघांनाही शून्य. फक्त कळवणाऱ्याच्या दारात आधी मुकादम येतो.

मोकाट जनावरांचं तर आणखीच अवघड. मालक नाही, म्हणजे कलम ४ चा पहिला माणूसच नाही. २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्यामुळे म्हातारा बैल बरेचदा रस्त्यावर येतो, नाहीतर गोशाळेत. साथीत त्यांना कोणी वेगळं बांधायचं, जखमा कोणी धुवायच्या, याचं उत्तर गावागणिक वेगळं होतं: कुठे तरुण मंडळाची पोरं, कुठे गोशाळेचे सेवेकरी, कुठे कोणीच नाही. क्रूरतेला प्रतिबंध करणारा कायदा केंद्राचा, मोकाट गुरं नगरपालिकेची, रोग राज्याचा. उकिरड्यावर फुटलेल्या गाठी घेऊन उभ्या असलेल्या त्या बैलाला यांतलं कोणीच नव्हतं. तो मी पाथर्डीच्या एसटी स्टँडमागे पाहिला, आणि मीही पुढे गेलो.

आधी ठरवलेला वाटा

ऑस्ट्रेलियात याची एक वेगळी पद्धत आहे. २००२ मध्ये तिथे केंद्र सरकार, राज्य सरकारं आणि पशुपालकांच्या संघटना यांनी साथीच्या खर्चाचा करार केला. रोगांचे चार गट पाडले. रेबीजसारखा माणसाला धोकादायक रोग असेल तर पूर्ण खर्च सरकारांचा. लाळ्या खुरकुतासारखा सगळ्या देशाला धक्का देणारा असेल तर ८० टक्के सरकार, २० टक्के उद्योग. तिसऱ्या गटात निम्मे-निम्मे. चौथ्यात, मुख्य नुकसान उद्योगाचंच असेल तिथे, ८० टक्के उद्योग. पशुपालकांचा वाटा विक्रीवरच्या छोट्या आकारणीतून जमतो. आणि पैसे देतात म्हणून निर्णयाच्या बैठकीत त्यांचं मत असतं. दूध बुडालं, हंगाम गेला, याचे पैसे तिथेही मिळत नाहीत, हे सांगायलाच हवं. पण साथ यायच्या आधी प्रत्येकाला आपला आकडा माहीत असतो.

तो करार जसाच्या तसा इथे चालणार नाही. दोन गायी आणि एक जोडी असलेल्या माणसाकडून वीस टक्के मागणं अन्यायच ठरेल. पण महाराष्ट्रात गोरगरीब पशुपालकाच्या वर मोठे उद्योग उभे आहेत. दूध संघ आहेत, खासगी डेअऱ्या आहेत, साखर कारखाने आहेत. ऊसतोड कामगारांच्या कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यायचं सरकारने ठरवलंच आहे. जो ऊस कारखान्यात पोचतो त्यातला काही भाग अजूनही बैलाने ओढलेला असतो. त्या टनात बैलासाठी रुपया-दोन रुपये, आणि लिटरमागे दूध संघाचे काही पैसे, असा जिल्ह्याचा एक साथनिधी उभा राहू शकतो. त्याचं पहिलं काम एकच असावं: गाठ दिसल्यावर ४८ तासांच्या आत कळवणाऱ्याला जनावर आजारी असेपर्यंत रोजचा भत्ता. मेलं तरच नव्हे, जगावं म्हणून. आणि त्या निधीच्या बैठकीत गाडीवान आणि गवळी यांना खुर्ची असावी, केवळ निमंत्रित म्हणून नव्हे.

साथीनंतर काही गोष्टी घडल्या. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरला लम्पी लसीच्या तंत्रज्ञानाचा करार झाला, आणि पुण्याच्या पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्थेला ती लस तयार करण्याचा हक्क मिळाला. लस इथेच तयार होत राहिली, तर पुढच्या साथीत कुपी परराज्यातून यायची वाट पाहावी लागणार नाही. १ जून २०२४ पासून कानात बारा आकडी बिल्ला नसलेल्या जनावराच्या बाजारातल्या खरेदी-विक्रीवर बंदी आली. २०२४ मध्येच केंद्राने पशुविम्याच्या हप्त्यात शेतकऱ्याचा वाटा १५ टक्क्यांवर आणला. उरलेला केंद्र आणि राज्य साठ-चाळीसने भरतात. तिन्ही गोष्टी उपयोगी आहेत. पण विमाही मुख्यतः मरणाचाच, आणि बिल्ल्याची जबाबदारी पुन्हा मालकावरच.

मामा त्या हंगामात एका बैलावर गेले नाहीत, जाताही येत नव्हतं. मामींना घेऊन डोकी सेंटरवर गेले. ऊस तोडायचा आणि मोळ्या डोक्यावर वाहून ट्रकमध्ये भरायच्या. बैलगाडीच्या मानाने कमाई कमी, पाठीला त्रास जास्त. २०२३ च्या दिवाळीत पवळ्या पुन्हा गाडीला जुंपला. त्याच्या मानेवर गाठींचे वळ अजून दिसतात, तिथे केस आलेच नाहीत. मुकादमाची २०२२ ची उचल फिटायला २०२४ चा पाडवा उजाडला.